जेकार्डचा बोर्ड सोलापुरातच झाला तर?

सातरस्ता | रविवार, सकाळी ७.४०

मंडळी, लांबण लावणार आहे. चहा करून घ्या.

गेल्या मंगळवारी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याचा फोन आला. "जेकार्ड गेलं ओ, या लवकर." जेकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र. यंत्रमागांचं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे असे फोन जेवतानाच येतात हे ठाऊक आहे. गेलो. चौदा माग धडधडतायत, एक गप्प. गप्प मागावर अर्धा विणलेला टॉवेल आणि त्यावर मोर. मोराची मान झकास, पण पिसाऱ्यातून वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ. म्हणजे तिथले हूक उचललेच जात नव्हते.

पेटी उघडली तर आत बोटभर जाड तंतूची गादी. ब्रशने झाडली. खाली एक मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा भाग) पोटाला भोक पडून मेलेला आणि शेजारचा कॅपॅसिटर (वीज साठवणारा) डोक्यावर फुगलेला, पुरीसारखा. दोन्ही मिळून शंभर रुपयांचाही माल नाही. पण बोर्डाचं सर्किट कुणाकडे नाही, मोठ्या आयसीवरचे (म्हणजे चिपांवरचे) नंबर कंपनीने घासून टाकलेले आणि नवा बोर्ड बाहेरून मागवायचा तर सहा आठवडे. किंमत ऐकून मालक बाजेवर बसले.

ज्यांनी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून त्यांची माळ करायचे. भोक असेल तिथला हूक वर जायचा आणि ताण्याचे (उभे) तेवढे धागे उचलले जायचे. आता भोकाच्या जागी मॅग्नेट आला. १३४४ हूकचं मशीन म्हणजे १३४४ मॅग्नेट, आणि दर बाण्याला (आडव्या धाग्याला) प्रत्येकाला 'धर' किंवा 'सोड' असा हुकूम. हुकूम देणारं डोकं एका बोर्डावर, करंट सोडणारे ड्रायव्हर दुसऱ्या बोर्डांवर. जळतात ते ड्रायव्हर.

आणि का जळतात? याच शेडमध्ये मे महिन्यात मी पेटीच्या आत थर्मामीटर ठेवला होता. बाहेर ४३, पत्र्याखाली ४७, पेटीत ६८. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हे डिप्लोमाच्या पोरालाही माहीत असतं. ज्याने हा बोर्ड काढला त्याच्या डोळ्यांसमोर एसी हॉल होता, सोलापूरचा पत्रा नव्हता. मी जुनाच भाग बदलून देतो आणि तो पुन्हा जळतो. माझं पोट त्यावर चालतं, पण लाज वाटते.

आता मुद्दा. हा बोर्ड जिथे जळला तिथून रिक्षाने अर्ध्या तासात वालचंद इन्स्टिट्यूट येतं, शासकीय तंत्रनिकेतन येतं, आणखी दोन-तीन कॉलेजं येतात. पुण्याच्या रस्त्याला केगावला आपलं विद्यापीठ आहे. २००४ साली एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी काढलेलं विद्यापीठ. दरवर्षी शेकडो पोरं इलेक्ट्रॉनिक्सचे प्रोजेक्ट करतात. मी परीक्षक नसलो तरी प्रदर्शनं बघतो. रेषेवरून धावणारी गाडी, मोबाइलवर लागणारा दिवा, कुंडीला आपोआप पाणी. वीस वर्षांत जेकार्डचा ड्रायव्हर मी एकदाही पाहिला नाही.

मध्यंतरी अमेरिकेतल्या 'मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉमन्स'बद्दल वाचलं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी आठ प्रादेशिक केंद्रं जाहीर केली, सुरुवातीला २३ कोटी ८० लाख डॉलर. त्यांचं दुखणं असं की प्रयोगशाळेत चाललेली कल्पना कारखान्यात पोचेपर्यंत मरते, कारण मधला नमुना करायला जागा नसते. म्हणून त्या भागातली विद्यापीठं आणि उद्योग एका छताखाली आणायचे. ते चिपांचं बोलतात, मी बोर्डाचं बोलतोय. रकमेचं तर नावच काढायला नको. पण मधली खड्ड्याची जागा तीच आहे.

मला एक सामाईक टेबल हवंय. त्यावर चांगला स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारा), हॉट एअर (गरम हवेची बंदूक), छोटा रिफ्लो ओव्हन (बोर्डावरचं सोल्डर वितळवणारी भट्टी), स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा), सुट्या भागांची कपाटं. आणि त्या टेबलाशी दिवसभर बसणारा एक माणूस. कॉलेज, कारखानदार आणि माझ्यासारखे मेकॅनिक तिघांनी मिळून चालवायचं. वेडेपणा आहे का? बोला.

कडक_भाकरी | रविवार, सकाळी ८.१५

सोलापुरात चिपचा कारखाना! आमच्या पेठेत नळाला चार दिवसांआड पाणी येतं, आणि वेफर (चिपा जिच्यावर बनतात ती चकती) धुवायला म्हणे लाखो लिटर शुद्ध पाणी लागतं. आधी उजनीला विचारा.

सातरस्ता | रविवार, सकाळी ८.२२

भाकरीसाहेब, धागा वाचून उत्तर द्यायची पद्धत आहे या चावडीवर. टेबल म्हणालो, कारखाना नाही.

वेरिलॉग_वहिनी | रविवार, दुपारी १.०५

भाकरीभाऊंचा विनोद बाजूला ठेवू, पण ते चुकून बरोबर ठिकाणी बोट ठेवून गेले. 'नमुना' म्हणताना चिप आणि बोर्ड यांची गल्लत नको. मी सोलापूरची (माहेर बाळीवेस), बेंगळुरूत चिपा तपासून पोट भरते, म्हणून जरा सविस्तर.

चिपचा नमुना काढायला स्वतःचा फॅब (चिपचा कारखाना) असावा लागत नाही. १९८१ सालापासून अमेरिकेत मोसिस नावाची सोय आहे. एकाच वेफरवर अनेकांची डिझाइनं शेजारी शेजारी बसवायची, मास्कचा (छपाईच्या साच्यांचा) खर्च वाटून घ्यायचा. लग्नाच्या वऱ्हाडाला सगळ्यांनी मिळून एक टेंपो करावा तसं. आपल्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या चिपा बनवायची लाइन आहे. १९८९ साली तिथे मोठी आग लागली आणि देशाचं घड्याळ मागे गेलं, ती कथा वेगळी. आज केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत असलेल्या कॉलेजांना सीडॅक बेंगळुरूच्या चिपइन केंद्रातून डिझाइनची महागडी सॉफ्टवेअरं लांबूनच वापरता येतात, आणि विद्यार्थ्यांची डिझाइनं मोहालीला बनून येतात. या योजनेत ८५,००० माणसं घडवायचं उद्दिष्ट आहे. क्लीनरूममध्ये (चिपा घडतात त्या धूळमुक्त खोलीत) हात घालायचा असेल तर आयआयटी मुंबई आणि आयआयएससीत आयनप कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांना शिरता येतं, २००८ पासून. इन्स्ट्रुमेंटेशनचे प्राध्यापक सेन्सर घडवायला तिथे जाऊ शकतात.

अगदी स्वस्तात शिकायचं तर टायनी टेपआउट, एकाच चिपवर अनेकांची छोटी सर्किटं बसवून देणारी सोय. साधारण १६० बाय १०० मायक्रॉनची एक खोली मिळते, तुमचं सर्किट त्यात मावलं पाहिजे. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या मागची एफॅबलेस कंपनी बंद पडली तेव्हा पुष्कळांचे जीव टांगणीला लागले होते. आता ते जर्मनीच्या आयएचपी संस्थेकडेही डिझाइनं पाठवतात.

पण सातरस्ताकाका, तुमच्या जेकार्डला नवी चिप लागतच नाही. तयार ड्रायव्हर आयसी बाजारात भरपूर आहेत. लागतं ते त्या आयसीभोवतीचं शहाणपण: डायोड कुठे, तांबं किती रुंद, उष्णता कुठून बाहेर पडणार. आणि दुसरी बाजू अशी की पोरांची चिप मोहालीहून आली तरी ती डबीत पडून राहते, कारण तिच्यासाठी टेस्ट बोर्ड करायला कुणाकडे धड टेबल नसतं. म्हणजे टेबल दोघांनाही हवं. आधी टेबल, मग चिप.

मागवाला_अण्णा | रविवार, दुपारी ४.३०

सातरस्ता म्हणतात ती शेड माझी नव्हे, पण माझी असती तरी चाललं असतं, तसाच मोर आहे माझ्याकडं.

कॉलेजचं सांगतो. तीन वर्षांमागं चार पोरं आली. पोरं चांगली होती, अण्णा अण्णा करत होती. माग बघितले, फोटू काढले, चहा घेतला. "बाण्याचा धागा तुटला की माग थांबवणारा सेन्सर करतो" म्हणाली. एप्रिलात परत आली ती लेटरहेडवर सही पाहिजे म्हणून. सेन्सर कुठाय? म्हणे मॉडेल कॉलेजात जमा केलं. मी सही दिली. काय करणार, लेकरं आहेत. पण मला रिपोर्ट नको ओ. माझा माग चालू पाहिजे. एक माग एक पाळी बंद राहिला की कामगाराची मजुरी बुडते, आणि तो उद्या शेजारच्या शेडात जातो.

दुसरं, पेन ड्राइव्हवर माझी डिझाइनं असतात. चादरीचं डिझाइन आज बाजारात गेलं की आठ दिवसांत दुसऱ्याच्या मागावर दिसतं. सामाईक टेबलावर माझा कंट्रोलर उघडून ठेवायचा म्हणजे तिजोरी उघडी ठेवल्यासारखं आहे. याचं काय ते सांगा, मग पैशाचं बोलू.

हजेरीपट | रविवार, रात्री ९.५०

अण्णा, त्या चार पोरांच्या गाइडसारखाच एक मी. (तोच नव्हे, पण असू शकलो असतो.) आमची बाजू ऐका.

प्रोजेक्टचा विषय ऑगस्टात ठरतो, काम खऱ्या अर्थाने जानेवारीत सुरू होतं, गड्ड्याची यात्रा संपली की. एप्रिलात तोंडी परीक्षा, मेमध्ये पोरगं पुण्याच्या गाडीत. तुमचा बोर्ड उन्हाळ्यात जळतो, नेमका तेव्हा आमच्याकडे कुणी नसतं. नमुना एकदा चालला की आम्ही टाळ्या वाजवतो, तुम्हाला तो तीन पाळ्यांत वर्षभर चालायला हवा. हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि मधलं वर्ष कुणाच्याच अभ्यासक्रमात नाही.

यंत्रांचं म्हणाल तर एका कॉलेजात (नाव विचारू नका, मला निवृत्त व्हायचंय) रिफ्लो ओव्हन चार वर्षं प्लास्टिकखाली होता. कारण सोल्डर पेस्ट. पेस्ट थंड ठेवावी लागते आणि महिन्यांत जुनी होते. खरेदीला तीन कोटेशनं. कोटेशनं जमेपर्यंत सत्र संपतं. एकदाची पेस्ट आली तर फ्रिज फक्त साहेबांच्या केबिनमध्ये, आणि साहेब म्हणाले, माझ्या ताकाशेजारी शिसं ठेवायचं नाही. बरोबरच होतं त्यांचं! लॅब असिस्टंटची जागा रिकामी, त्यामुळे ओव्हनची किल्ली माझ्याकडे आणि माझे आठवड्याला सोळा तास वर्गात.

सातरस्ताकाकांनी यादीत सर्वांत शेवटी टाकलंय ते, दिवसभर बसणारा माणूस, ते पहिलं घ्या. यंत्रं दुय्यम आहेत. जिल्ह्यातल्या कॉलेजांमधून शोधली तर निम्मी आत्ताच सापडतील, प्लास्टिकखाली.

बॅकलॉग_क्लिअर | रविवार, रात्री ११.२०

शेवटच्या वर्षाला आहे, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). खरं बोलतो, नाव लपवून.

आमच्या वर्गात निम्म्यांनी प्रोजेक्ट दुकानातून घेतला. सगळं तयार मिळतं, रिपोर्टसकट, तोंडी परीक्षेला काय बोलायचं तेही शिकवतात. मी स्वतः बोर्ड काढला, शेन्झेनला पाच नग मागवले. बोर्ड स्वस्त, पण कुरिअर आणि कस्टम मिळून बोर्डापेक्षा जास्त. आले तेव्हा कळलं की रेग्युलेटरचा फूटप्रिंट (बोर्डावर बसायची जागा) उलटा काढलाय. पुन्हा मागवायला ना वेळ ना पैसे. पातळ वायरी जोडून चालवला, आणि मार्क दुकानवाल्यांना जास्त पडले.

जळका बोर्ड आम्हाला कुणी हातात देतच नाही. आम्हाला प्रॉब्लेमच माहीत नाही, सोडवणार काय? सातरस्ताकाका, येऊ का बघायला?

सातरस्ता | सोमवार, सकाळी ६.५५

ये की बे! विचारतोस काय. शनिवारी ये. येताना मल्टिमीटर आण, माझ्याचा बझर गेलाय.

अंबिया_बहार | सोमवार, दुपारी २.१०

सगळी चर्चा मागावर चाललीय म्हणून सांगोल्याकडून घुसतो. डाळिंब, पावणेचार एकर.

आमचा शत्रू तेल्या रोग. पान ओलं किती तास राहिलं त्यावर बराच खेळ असतो. पान ओलं असेल तर फोनवर कळावं म्हणून एका नव्या कंपनीचं यंत्र घेतलं. रेडिओ ८६५ मेगाहर्ट्झवर, लायसन लागत नाही, सोलर पॅनेल, सगळं छान. पहिल्या पावसात पेटीत मुंग्या. दुसऱ्या बहराला कनेक्टरला हिरवं किटण चढलं, कारण आम्ही बोर्डो हे रोगावरचं औषध फवारतो आणि त्यात मोरचूद असतं. कंपनीच्या माणसाला बोर्डो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. नंतर कंपनीचा फोनच लागेना.

केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तिथे रोगाची माहिती असणारी माणसं आहेत. त्याच रस्त्याला तुमचं विद्यापीठ. ही दोन फाटकं आणि सातरस्तांचं टेबल यांच्यामध्ये एखादी वाट पाडा, मी यंत्र लावायला बाग देतो. बोर्डोसकट.

फिनिक्स_पक्षी | सोमवार, रात्री १०.४० (माझ्याकडे सकाळ)

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या अमेरिकेत फिनिक्सजवळ. 'मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉमन्स'च्या त्या आठांपैकी एक केंद्र आमच्या इथल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने चालतं, म्हणून दोन शब्द.

लोकांना वाटतं सरकारने विद्यापीठांना पैसे दिले आणि उद्योग धावत आले. पण तो पैसा संरक्षण खात्याचा आहे. गिऱ्हाईक आधी ठरलेलं आहे. ५जी-६जी संपर्क, क्वांटम, एआयचं हार्डवेअर, इलेक्ट्रॉनिक युद्ध असे विषय वरून ठरवून दिलेत, आणि मग केंद्रांना सांगितलंय की यातलं काय तुमच्याकडे जमतं ते दाखवा. गिऱ्हाईक ठाम असलं की विद्यापीठ आणि कंपनी एकमेकांच्या उरावर बसली तरी शेवटी काम करतात.

आपल्या टेबलाचं गिऱ्हाईक कोण? 'सोलापूरचा उद्योग' हे उत्तर नाही. पहिल्या दिवशी पैसे मोजून माल नेणारा एक माणूस सांगा.

कडक_भाकरी | सोमवार, रात्री १०.५८

अण्णा.

मागवाला_अण्णा | मंगळवार, सकाळी ९.००

मी का म्हणून? माझ्या तिजोरीचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

वेरिलॉग_वहिनी | मंगळवार, दुपारी १.३०

अण्णा, तुमची डिझाइनं डोक्याच्या बोर्डात असतात. ड्रायव्हरच्या बोर्डापर्यंत पोचतं ते फक्त 'हा हूक धर, तो सोड', आणि वीज गेली की तेही संपतं. टेबलावर फक्त ड्रायव्हर बोर्ड द्या. तुमचा मोर तुमच्या शेडातच राहील.

हेच कायद्याच्या अंगानेही सोयीचं आहे. नंबर घासलेल्या आयसीतला प्रोग्रॅम काढून नक्कल करायला जाऊ नका, तो दुसऱ्याचा माल आहे, आणि जमणारही नाही. चिपच्या आराखड्याला आपल्याकडे २००० सालच्या कायद्याने वेगळं संरक्षण आहे. पण कनेक्टरवर काय सिग्नल येतो ते स्कोपवर बघून त्याला जोडता येईल असा स्वतःचा ड्रायव्हर नव्याने काढायला काहीच हरकत दिसत नाही. डोकं त्यांचं राहू द्या, हातपाय आपले करा. (तरी माल विकायला काढाल तेव्हा वकिलाला दाखवा.)

मागवाला_अण्णा | मंगळवार, रात्री ८.१५

हे पटलं. आता ऐका. माझ्याकडं पोटमाळ्यावर पोतंभर मेलेले बोर्ड आहेत. भंगारवाला किलोवर मागतो म्हणून ठेवलेत. माझ्या व्याह्याकडं आहेत, त्यांच्या शेजाऱ्याकडं आहेत. पैसा नंतर बघू, बोर्ड घेऊन जा. जो बोर्ड माझ्या मागावर तीन महिने टिकेल, त्याचे रोख पैसे देतो, नव्याच्या निम्म्या भावाने. उधारी नाही. पण तीन महिन्यांत जळला तर एक पैसाही नाही.

फिनिक्स_पक्षी | मंगळवार, रात्री ८.२१

मिळालं गिऱ्हाईक.

सातरस्ता | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.१०

धागा थंड पडला म्हणून कुणी समजू नये. हकिगत लिहितो.

अण्णांच्या शेडामागच्या खोलीत दोन टेबलं टाकली. एकतीस मेलेले बोर्ड जमले. बॅकलॉग आणि त्याची मैत्रीण (ती मुलगी सर्किट वाचते, हा वायरी जोडतो, जोडी बरी आहे) दर शनिवार-रविवारी येतात. पहिल्या दिवशी फक्त धुलाई केली: आयपीए (साफसफाईचं अल्कोहोल), जुना टूथब्रश, मग उन्हात. दुसऱ्या दिवशी एकेका बोर्डावर काय मेलंय ते वहीत लिहिलं. शाळेची दोनशे पानी वही, रकाने मुलीने आखले: शेड, माग नंबर, कुठल्या महिन्यात गेला, काय जळलं. हजेरीपट सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "हा खरा प्रोजेक्ट आहे." एकतिसांपैकी एकोणीस बोर्डांवर तेच दोन भाग मेलेले, आणि त्यांतले चौदा मार्च ते जून या काळातले. बावीस वर्षं मी हेच भाग बदलतोय, पण वही कधी केली नव्हती.

मग नवा ड्रायव्हर. मॅग्नेट सोडताना त्याच्यातली ऊर्जा परत उसळी मारते, ती जिरवायला जुन्या बोर्डावर एकच डायोड, तोही मॉस्फेटपासून लांब. मुलीने तो जवळ आणला, तांबं रुंद केलं, कॅपॅसिटर १०५ अंशांचे घेतले आणि गरम भागांपासून दूर, पेटीच्या तळाकडे नेले. सरांनी कॉलेजातून ओव्हन दोन दिवसांसाठी लेखी मागून आणला. पेस्ट शिशाची, १८३ अंशांवर वितळणारी. पहिल्या नगाला आम्ही घाईत ओव्हन जास्त तापवला, कनेक्टरचं प्लास्टिक झुकलं, मेणबत्तीसारखं. दुसरा नग जमला. जॉइंट चकचकीत. अण्णांनी भिंग लावून बघितलं आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे आवडलं.

मागावर चढवला. वीस मिनिटं मस्त. मग शेजारचा माग बंद केला आणि आमचा अडकला! पुन्हा चालू केला, पुन्हा शेजारचा बंद केला, पुन्हा अडकला. म्हणजे शेजारच्याचा काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटला की आमच्याकडे भूत शिरतं. पाच वेळा तसंच. कामगार हसायला लागले. वहिनी, तुमच्याकडे बघतोय.

वेरिलॉग_वहिनी | रविवार, दुपारी २.४०

भूत नाही, काका, ग्राउंड. मॅग्नेटचा करंट आणि सिग्नल एकाच वाटेने परत येताहेत का? तुम्ही टाकलेल्या फोटोत तसंच दिसतंय, जे ८ कनेक्टरच्या खाली बघा. दोन वाटा वेगळ्या करा आणि सप्लायपाशी एकाच ठिकाणी जोडा. सिग्नलला ऑप्टो (उजेडातून सिग्नल पुढे देणारा भाग) घाला, सप्लायवर टीव्हीएस (विजेची उसळी गिळणारा डायोड). आणि अण्णांना सांगून त्या काँटॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (उसळी जिरवणारी जोडणी) लावून घ्या, दहा-वीस रुपयांचं काम, सगळ्या शेडाचं भलं होईल. याच त्रासाची रीतसर चाचणी असते, आयईसी ६१०००-४-४. माल विकण्याआधी ती पुण्याला एआरएआयसारख्या ठिकाणी करून घ्यावी लागेल. पण घरगुती चाचणी तुमच्याकडे आयती आहे: शेजारचा माग.

हजेरीपट | रविवार, सायंकाळी ६.०५

भर घालतो. विभागात विषय काढला. एक सहकारी म्हणाले की विद्यापीठाची परवानगी, करार, पेटंट कुणाचं हे ठरल्याशिवाय ओव्हन पुन्हा बाहेर जाणार नाही. मी म्हणालो, मग पोरंच ओव्हनकडे येतील. दर दुसऱ्या शनिवारी लॅब उघडी ठेवायची तोंडी परवानगी मिळाली आहे. कागदावर नाही. पेस्टसाठी मी स्वतःच्या पैशाने छोटा फ्रिज आणलाय. त्यात ताक ठेवायचं नाही असं वर लिहिलंय.

आणि दिवसभर बसणारा माणूस अजून नाहीच. दोन पोरं मेमध्ये जाणार. त्याचं काय?

बॅकलॉग_क्लिअर | रविवार, रात्री १०.३०

सर, मुलाखत आहे पुण्यात, हुतात्मा एक्सप्रेसने जाणार बुधवारी. पण तिघा ज्युनिअरांना वही दाखवलीय. एक जण डिप्लोमाचा आहे, त्याचे वडील जॉबर (माग जुळवणारे) आहेत, तो शेडातच वाढलाय. त्याने बोर्ड हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "तंतू आत येऊच नये असं झाकण का नाही केलं?" आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

सातरस्ता | सोमवार, सकाळी ७.०५

त्याला शनिवारी घेऊन ये. पगाराचं मी अण्णांशी बोलतो, निम्मा मी, निम्मा ते, सहा महिने बघू.

अंबिया, तुमचं किटण चढलेलं यंत्र एसटीने पाठवू नका, कुणीतरी येणारं असेल तर हातात द्या.

मागवाला_अण्णा | सोमवार, सकाळी ९.२०

निम्म्याचं मी कबूल केलेलं नाही. तिसरा हिस्सा. व्याह्याला विचारतो.

स्नबर लावून घेतला, चौदाही मागांना. शनिवारी बोर्ड चढवा, शेजारचा माग मी स्वतः बंद-चालू करतो.